हिमोग्राम नीट वाचूया: गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रक्तातल्या दाहाच्या खुणा

"मॅडम, आईचा एनएलआर साडेपाच आलाय. म्हणजे किती दिवस राहिले?"

काउंटरपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा माझ्या हातात दुसऱ्याच कुणाची स्लाइड होती. पंचविशीतला मुलगा, रात्रभर मोबाइलवर वाचत बसलेला. आईला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाल्याचं कळून चार दिवस झाले होते. आमच्याच लॅबच्या हिमोग्रामवरचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवरचे, दोन आकडे (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे) त्यानं एकमेकांनी भागले होते. त्या भागाकारालाच एनएलआर म्हणतात. आलेलं उत्तर म्हणजे आईच्या आयुष्याचा हिशेब, असं समजून तो उभा होता. भागाकार बरोबर होता. त्यातून काढलेला अर्थ चुकला होता, आणि त्या अर्थापायी त्याच्या घरात रात्री कुणी जेवलं नव्हतं.

भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळपास ८० हजार बायका या आजारानं गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. यातल्या प्रत्येकीच्या फाइलमध्ये एक तरी हिमोग्राम असतोच. त्यातून निघणारी ही गुणोत्तरं फुकट मिळतात, म्हणून त्यांचा मोह पडतो. ती कशी काढायची, कधी काढायची आणि त्यावरून नेमकं काय करायचं, हे फाइल सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी आणि गावातल्या डॉक्टर-नर्ससाठी मी इथे लिहिते आहे. रुग्णाचे उपचार ठरवणारे डॉक्टर समोर असतील तेव्हा काय विचारायचं, हे कळावं एवढाच त्याचा उपयोग.

दाह आणि कर्करोग यांचा संबंध काय?

काटा रुतला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. हा दाह. जखम भरली की तो निवतो. कर्करोगाची गाठ मात्र कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. गाठीच्या आत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ सालीच नोंदवलं होतं. गाठीतून आणि तिच्या आसपासच्या पेशींतून काही रसायनं रक्तात सुटतात. त्यातलं इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लावतं, प्लेटलेट वाढवतं. दुसरी काही अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल जास्त बनवायला सांगतात. हे न्यूट्रोफिल गाठीभोवती जमले की लिम्फोसाइटना काम करू देत नाहीत.

या आजारात लिम्फोसाइटचं महत्त्व जास्तच. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हा संबंध दाखवून देणारे हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ सालचं नोबेल मिळालं. हा विषाणू बहुतेक बायकांच्या शरीरातून आपोआप जातो, आणि त्याला घालवणाऱ्या फौजेत टी-लिम्फोसाइट आघाडीवर असतात. म्हणून न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले दिसले, की शरीराचा तोल कुठे झुकलाय याचा अंदाज येतो. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. बस, एवढंच.

पहिली पायरी: रिपोर्ट कोणता घ्यायचा

फाइलमध्ये पाच-सहा हिमोग्राम असतात. ज्या अभ्यासांमधून ही गुणोत्तरं पुढे आली, त्यांतल्या बहुतेकांनी उपचार सुरू होण्याआधीचं रक्त मोजलं होतं. म्हणून पहिला शेक (रेडिएशन) किंवा पहिला किमो लागण्याच्या आधीचा, शक्यतो लगतच्या एक-दोन आठवड्यांतला रिपोर्ट घ्या. त्यावर पेनाने चार गोष्टी लिहा: त्या दिवशी ताप होता का, अंगावरून किती जात होतं, कोणती औषधं चालू होती, आणि आधीच्या काही दिवसांत रक्त चढवलं होतं का. या नोंदी नसतील तर पुढचं गणित करूच नका, हे माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरी पायरी: गणित

समजायला सोपं जावं म्हणून मी आकडे जुळवून घेतले आहेत. हिमोग्लोबिन ८.६. एकूण पांढऱ्या पेशी ११,४००. त्यात न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १४, मोनोसाइट ६, इओसिनोफिल २. प्लेटलेट ४.८५ लाख.

एनएलआर काढायला टक्केवारी पुरते: ७८ ÷ १४ = ५.६. निरोगी प्रौढांत हा आकडा साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो.

लिम्फोसाइट आणि मोनोसाइटचं गुणोत्तर, म्हणजे एलएमआर, तसंच निघतं: १४ ÷ ६ = २.३. इथे कमी आकडा वाईट, एनएलआरच्या उलट. लोकांची इथे गल्लत होते.

पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट. यात टक्के चालत नाहीत. आधी लिम्फोसाइटची खरी संख्या काढा: ११,४०० चे १४ टक्के म्हणजे १,५९६. मग ४,८५,००० ÷ १,५९६ = सुमारे ३०४.

एसआयआय या निर्देशांकात प्लेटलेटला एनएलआरनं गुणतात. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या: ४८५ × ५.५७ = सुमारे २,७००. आपल्याकडे रिपोर्टवर प्लेटलेट लाखांत छापतात आणि परदेशी लेखांत हजारांत, त्यामुळे एककाकडे बघितलं नाही तर उत्तर सत्तावीस लाख येतं आणि माणूस हबकतो. सीआरपीचंही तसंच. काही लॅब मिलिग्रॅम दर लिटर देतात, काही मिलिग्रॅम दर डेसिलिटर. २४ आणि २.४ हे एकच असू शकतात. आकड्याशेजारचं एकक वाचल्याशिवाय दोन लॅबचे रिपोर्ट जोडून बघू नका.

अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं एक प्रथिन) आणि सीआरपी दोन्ही केलेले असतील तर ग्लासगो पद्धतीचा सुधारित गुणांक काढता येतो. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर शून्य. त्याहून जास्त, पण अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅम किंवा वर असेल तर एक. सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिनही ३.५ च्या खाली असेल तर दोन. मला स्वतःला हा गुणांक एनएलआरपेक्षा अधिक उपयोगी वाटतो, कारण तो रुग्णाच्या एकूण प्रकृतीकडे लक्ष वेधतो.

भागाकारापूर्वी: स्लाइडवर काय घडतं

मशीननं काही खूण दाखवली की आम्ही स्लाइड करतो. काचेवर रक्ताचा थेंब ओढून पातळ थर करायचा, रंग द्यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं, लिम्फोसाइटचं गोल, काळसर, पेशी जवळजवळ भरून टाकणारं. बोटाखालच्या काउंटरवर एकेक टिक. शंभरात दहा लिम्फोसाइट निघाले तर आम्ही "१०" लिहितो. पण शंभरच पेशी मोजल्यामुळे खरं प्रमाण ५ ते १८ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. हा निष्काळजीपणा नाही, मोजणीचा स्वभाव आहे. न्यूट्रोफिल ८० आणि लिम्फोसाइट १० असतील तर एनएलआर ८ येतो. त्याच स्लाइडवर पुढच्या शंभरात १५ लिम्फोसाइट दिसले आणि न्यूट्रोफिल ७५, तर ५. मशीन हजारो पेशी मोजतं म्हणून त्याचा आकडा अधिक स्थिर. तेव्हा गुणोत्तर काढण्याआधी लॅबला विचारा: हे टक्के मशीनचे की स्लाइडचे? आणि लिम्फोसाइट एक आकडी असतील तेव्हा तर नक्कीच विचारा.

तिसरी पायरी: कर्करोगाशिवाय दुसरं कारण शोधा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. वाढलेला एनएलआर दिसला की सगळ्यांच्या मनात आधी कर्करोग येतो. मी आधी संसर्ग शोधते.

या आजारात गर्भाशयाचं तोंड गाठीनं बंद होऊन आत पू साठू शकतो. ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा स्राव, अधूनमधून थंडी वाजून ताप. हा पू बाहेर काढावा लागतो. तो तसाच राहिला तर न्यूट्रोफिल वाढलेलेच राहणार आणि शेक सुरू व्हायलाही अडथळा येणार. गाठ बाजूला पसरली तर मूत्रवाहिनी दाबली जाते, मूत्रपिंड फुगतं, लघवीत संसर्ग होतो. म्हणून त्याच दिवशी लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी बघा. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध देता येईल का, हे ठरवायलाही क्रिएटिनिन लागतंच.

औषधांकडेही बघा. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं की काही तासांत न्यूट्रोफिल वर जातात आणि लिम्फोसाइट खाली येतात. किमोआधी उलटी होऊ नये म्हणून हेच औषध देतात. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, कधी गावातल्या "ताकदीच्या" इंजेक्शनातूनही ते शरीरात जातं. अशा रक्तावर काढलेला एनएलआर निव्वळ औषधाचा परिणाम दाखवतो. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तरी तेच.

प्लेटलेट जास्त असतील तर रक्तस्राव आणि लोहाची कमतरता आठवा. महिनोन्महिने अंगावरून जाणाऱ्या बाईचं लोह संपलेलं असतं, आणि लोह कमी पडलं की प्लेटलेट वाढतात. म्हणजे पीएलआर आणि एसआयआय दोन्ही फुगतात. वर घेतलेल्या उदाहरणात हिमोग्लोबिन ८.६ आहे, हे विसरू नका.

लिम्फोसाइट कमी असतील तर एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, हे बघा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सहापट असतो, आणि एचआयव्ही स्वतःच लिम्फोसाइट घटवतो. अशा रुग्णाची एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, एक दिवसही चुकता कामा नये. मोनोसाइट वाढलेले असतील आणि खोकला, वजन उतरणं असेल तर टीबी मनात ठेवा.

अल्ब्युमिनबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्यावरून घरात भांडणं होतात. "सून नीट जेवायला घालत नाही म्हणून प्रोटीन कमी झालं," हे वाक्य मी काउंटरवर कितीदा ऐकलंय. दाह चालू असताना यकृत सीआरपी बनवण्यात गुंततं आणि अल्ब्युमिन कमी बनवतं. शिवाय ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. दिवसाला चार अंडी खाऊनही ते आठवड्याभरात वर येत नाही. सीआरपी उंच आणि अल्ब्युमिन खाली असेल तर सुनेला दोष देऊ नका, संसर्ग आणि गाठ यांच्याकडे बघा. जेवणाचा हिशेब वजनकाट्यावर ठेवा: दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी, वहीत तारीख घालून.

चौथी पायरी: दुरुस्त करता येईल ते करा, मग पुन्हा मोजा

आपल्या उदाहरणातल्या बाईला लघवीचा संसर्ग निघाला असं धरू. प्रतिजैविकं दिली, रक्त चढवलं, रक्तस्राव आटोक्यात आला. दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी ८,२००, न्यूट्रोफिल ६८, लिम्फोसाइट २४, प्लेटलेट ३.६ लाख, हिमोग्लोबिन १०.४. आता एनएलआर २.८, पीएलआर १८३, एसआयआय सुमारे १,०२०. गाठ तेवढीच आहे. बदलली ती बाईची अवस्था. पहिल्या आकड्यावर निष्कर्ष काढला असता तर तो कर्करोगाबद्दल नसता, लघवीतल्या जंतूंबद्दल असता.

पण पुन्हा मोजण्यासाठी उपचार लांबवू नका. दुरुस्ती आणि उपचारांची तयारी बरोबरीनं चालते. हिमोग्लोबिनवर जोर देण्याला कारण आहे: शेकाचा परिणाम व्हायला गाठीत प्राणवायू लागतो, म्हणून बरीच केंद्रं शेक चालू असताना ते १० च्या आसपास किंवा वर ठेवायचा प्रयत्न करतात.

सगळं दुरुस्त करूनही एनएलआर चढाच राहिला, तर ती माहिती खरी. ती डॉक्टरांसमोर ठेवा.

मग हा आकडा भविष्य सांगतो का?

वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांत, उपचारांआधी एनएलआर जास्त असलेल्या रुग्णांचा पुढचा प्रवास सरासरीनं अवघड गेला, हे खरं आहे. पण हे अभ्यास बहुतेक जुन्या फायली मागे वळून चाळून केलेले. "जास्त" म्हणजे किती, यावर त्यांचं एकमत नाही: कुठे २, कुठे २.५, कुठे ३.५ च्या पुढे. शिवाय मोठी गाठ, पुढची स्टेज आणि चढा एनएलआर हे एकत्रच येतात, त्यामुळे कुणाचा वाटा किती, हे वेगळं करणं अवघड.

लेखांत "धोका दीडपट" असं येतं. त्याचा अर्थ असा: समजा कमी एनएलआर असलेल्या १०० जणींपैकी ५ वर्षांनी ६० हयात आहेत. धोका दीडपट धरला तर जास्त एनएलआरवाल्या १०० जणींपैकी साधारण ४६ हयात असतील. दोन्ही गटांत वाचणाऱ्याही आहेत आणि जाणाऱ्याही. तुमची आई कोणत्या बाजूला, हे त्या आकड्यात लिहिलेलं नाही. दिवस आणि महिने तर कुठल्याच गुणोत्तरात नाहीत.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवते. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं तिसऱ्या-बी स्टेजच्या ८५० रुग्णांवर केलेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. नुसता शेक घेतलेल्या गटात ५ वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन घेतलेल्या गटात ५४ टक्के. म्हणजे तिसऱ्या स्टेजलाही पूर्ण उपचारांनी निम्म्याहून अधिक बायका ५ वर्षं पार करतात. त्या मुलाला मी हाच कागद दाखवला होता.

२०१८ च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) स्टेजिंगमध्ये गाठीचा आकार, पसरण आणि लसिकाग्रंथी मोजतात. एनएलआर त्यात नाही. फक्त त्याच्यावरून कुणी उपचार वाढवत किंवा नाकारत नाही. कुणी "एनएलआर जास्त आहे, आता उपयोग नाही" म्हणालं तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचं मत घ्या. आणि एनएलआर उतरवण्यासाठी चूर्ण, काढे, पपईच्या पानांचा रस यांवर पैसे घालवू नका. आकडा खाली आणल्यानं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. सिस्प्लॅटिन चालू असताना मूत्रपिंडावर ताण असतोच, त्यात अनोळखी काढ्याची भर नको.

उपचार चालू असताना

शेक सुरू झाला की गुणोत्तरं काढणं थांबवा. अस्थिमज्जेचा मोठा हिस्सा ओटीपोटाच्या हाडांत आणि कमरेच्या मणक्यांत असतो, आणि शेक तिथेच पडतो. लिम्फोसाइट शेकाला सगळ्यात हळवे, ते पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्यानं उतरतात. एनएलआर ८ किंवा १२ दिसला तरी त्याचा अर्थ आजार वाढला असा होत नाही.

या काळात दर आठवड्याच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिलची खरी संख्या, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन बघा. ताप १००.४ फॅरेनहाइटपर्यंत गेला तर घरी पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

आणि दिवस मोजा. बाहेरून शेक साधारण २५ दिवसांचा, नंतर आतला शेक (ब्रॅकीथेरपी), असं मिळून सगळं ५६ दिवसांत संपायला हवं. लांबलं तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते, हे एनएलआरपेक्षा कितीतरी पक्कं ठाऊक आहे. सोयाबीन काढणी, पोरांच्या परीक्षा, मुंबईत राहायची सोय नाही, महात्मा फुले योजनेचा कागद अडकलाय: दिवस याच कारणांनी वाया जातात. उपचारांच्या पहिल्याच आठवड्यात रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याचं आणि योजनेच्या मंजुरीचं बघून घ्या. आतल्या शेकाची तारीख तेव्हाच मागा. बाहेरचा शेक संपला की बरं वाटू लागतं, रक्त थांबतं आणि बाई म्हणते, "आता मी बरी झाले, घरी चला." इथे आग्रह धरा.

उपचारांनंतर

शेक संपल्यावर लिम्फोसाइट सावकाश वर येतात. कित्येक महिने लागतात, काहींचे पूर्वीइतके होतही नाहीत. त्यामुळे उपचारांनंतरच्या एनएलआरची तुलना आधीच्याशी करू नका. आजार परतला का, हे डॉक्टर आतून तपासून ठरवतात, गरज वाटली तर स्कॅन आणि तुकडा काढून. पहिली मोठी तपासणी साधारण तीन महिन्यांनी असते, त्यानंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात.

त्या तारखेची वाट न बघता लगेच जायचं ते केव्हा, हे फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागलं तर, एक पाय सुजला तर, कमरेतून पायात कळ उतरू लागली तर, लघवी कमी झाली तर. मी त्या मुलाला हे लिहायला लावलं, तेव्हा त्यानं एनएलआरचा चिठोरा खिशातून काढला आणि त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.